आईचं नाव लावलंत, आता आईची सहीसुद्धा चालू द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री साहेब आणि मा. महिला व बालविकास मंत्री ताई,
मंत्रालय, मुंबई

विषय: आईचं नाव कागदावर आलं, पण आईला अजून कोणी विचारत नाही, त्याबाबत

साहेब, ताई, नमस्कार.

हे पत्र पोस्टानेही पाठवलंय. पण पोस्टाने गेलेल्या पत्राचं काय होतं ते मला चांगलं माहितीये, आवक नंबर पडतो, 'पुढील उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा पडतो आणि ते फिरत फिरत परत आमच्याच तहसीलला येतं. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. बायांनो तुम्हीपण वाचा, आणि बापांनी तर नक्की वाचा, कारण तुमच्या विरोधात यात काहीच नाहीये.

आधी जे चांगलं केलंत ते बोलते. ११ मार्च २०२४ ला मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ पासून पुढे जे बाळ जन्माला येईल त्याचं सरकारी कागदावरचं नाव आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लागणार. जन्माचा दाखला, शाळा प्रवेशाचा फॉर्म, मार्कशीट, सातबारा, प्रॉपर्टीचे कागद, सरकारी नोकरीतलं सर्व्हिस बुक, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, सगळीकडे. मंत्रालयातल्या दारावरच्या पाट्यांवर मंत्र्यांच्या आयांची नावं आली, टीव्हीवर आम्ही बघितलं. साहेब, ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर तुम्ही शपथ घेताना 'देवेंद्र सरिता गंगाधरराव फडणवीस' म्हणालात तेव्हा माझ्या सेंटरवर दाखल्यांसाठी बसलेल्या बायांपैकी एक म्हातारी म्हणाली, बाई, आईचं नाव घेतलं की गं यानं. खरंच बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

आता मी कोण ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी सिन्नर तालुक्यात ऑनलाइन सेंटर चालवते, लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, पॅन, स्कॉलरशिप, पीकविमा, लाडकी बहीण, जे म्हणाल ते. तुमचा कुठलाही निर्णय पेपरात छापून येतो तेव्हा तो भारीच वाटतो. आमच्याकडे तो स्क्रीनवर येतो, लाल चांदणी असलेला रकाना होऊन, आणि तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. निर्णय खरंच कोणासाठी घेतलाय ते त्या चांदणीवरून कळतं.

आणि मी दोन लेकरांची आई आहे. थोरली मुलगी पाचवीत, धाकटा २०२४ च्या पावसाळ्यातला. धाकट्याच्या वेळी मला सातवा महिना चालू होता तेव्हा त्यांचे वडील घर सोडून गेले. का गेले, कुठे गेले ते इथं उगाळत बसत नाही. घटस्फोट झालेला नाही, ते वारलेले नाहीत, फोन बंद. सरकारी भाषेत मी परित्यक्ता, हा ऑप्शन काही फॉर्मात असतो, काहींत नसतो, नसला की मी 'विवाहित' वर टिक करून पुढे जाते कारण दुसरं करणार काय.

तर आता एकेक सांगते.

पहिलं म्हणजे ही १ मे ची तारीख. माझ्या घरात एकाच पोटची दोन लेकरं, धाकट्याच्या नावात मी आहे, थोरलीच्या नावात नाही. ती विचारते मम्मी, माझ्या नावात तू का नाहीस. काय सांगू? तू जीआरच्या आधी जन्मलीस म्हणून? कुठंतरी तारीख टाकावी लागते हे मला कळतं, जुने सगळे कागद एका रात्रीत बदलता येत नाहीत हेही कळतं, मी स्वतः हेच काम करते. पण सक्ती नको तर निदान मुभा द्या ना. आज आधी जन्मलेल्या मुलाच्या नावात कोणाला आईचं नाव घालायचं असेल तर एफिडेव्हिट करा, राजपत्रात नावबदल छापून आणा, मग आधार, मग शाळा, मग बँक, आणि त्या राजपत्राच्या फॉर्मात नाव बदलण्याचं कारण विचारतात. कारण काय लिहायचं? आई आहे म्हणून. दहावीच्या मार्कशीटवर तर आईचं नाव वेगळ्या ओळीत कित्येक वर्षं छापून येतंय, म्हणजे माहिती तुमच्याकडे आहेच, ती नुसती नावात आणायचीय.

दुसरं, रकाने. हे ऐकायला बारीक वाटेल पण आजची जी लेकरं दोन-तीन वर्षांची आहेत ती दहावीला जातील तेव्हा हा घोळ केवढा मोठा झालेला असेल ते तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. बहुतेक फॉर्मात नावाला तीन डबे असतात, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. आता नाव झालं चार शब्दांचं. आईचं नाव कुठल्या डब्यात टाकायचं हे कुठेही लिहिलेलं नाही. एक ऑपरेटर बाळाच्या नावाला जोडून पहिल्या डब्यात टाकतो, दुसरा मधल्या डब्यात आईवडील दोघं कोंबतो, तिसरा आईचं नाव सरळ उडवतो कारण तो म्हणतो ताई, आधारला मॅच झालं पाहिजे. आणि त्याचं चूक नाही, आधारला मॅच झालं नाही तर शाळेत अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख नंबर, निघत नाही, स्कॉलरशिप अडकते. जन्मदाखल्यात आईचं नाव स्वतंत्र रकान्यात पूर्वीपासून असतंच. मंत्रिमंडळाच्या त्या निर्णयातच लिहिलं होतं की जन्म-मृत्यू नोंदवहीत मुलाच्या नावापुढे आईचं नाव घेण्यासाठी केंद्राशी बोलायचं. बोलणं झालं का, काय ठरलं, आधारवाल्यांना, पॅनवाल्यांना काही कळवलं का? आम्हा सेंटरवाल्यांपर्यंत एकही लेखी सूचना आलेली नाही. म्हणजे आईच्या नावाने मुलांच्या कागदात मिसमॅच तयार होतोय, आणि उद्या पोरगं ॲडमिशनला उभं राहील आणि क्लार्क म्हणेल, हे मध्ये कोणाचं नाव घातलंय, एफिडेव्हिट आणा. मग आईबापच म्हणतील, कशाला घातलं बाई ते.

तिसरं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं, सही.

थोरलीचं बँकेत खातं उघडायचं होतं, शाळेच्या पैशांसाठी. बँकेचं नाव घेत नाही, काउंटरवरची मुलगी काही वाईट नव्हती. आधार माझं, तिचं, जन्मदाखला, फोटो, सगळं होतं. म्हणाली, वडिलांची सही लागेल, ते आले तरी चालेल. मी म्हटलं, ते आले असते तर मलाही चालले असते. मागच्या लाइनीत लोक हसले, मीपण हसले, काम झालं नाही. शाळेतही तेच, अपारच्या संमतीपत्रावर 'पालक' लिहिलंय तरी बाईंनी विचारलं, पप्पांची सही नाही का मिळणार? मी त्या शाळेच्या प्रत्येक पालकसभेला जाते, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या बापांना शाळेचं फाटक कुठल्या दिशेला आहे ते सांगता येणार नाही, पण सही त्यांचीच धरली जाते.

हे कुठून येतं तेपण मी शोधून वाचलंय. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, त्याच्या सहाव्या कलमात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि वडिलांनंतर आई असं लिहिलंय. गीता हरिहरन या लेखिकेने आपल्या लहान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे बाँड घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली, आणि अर्ज परत आला. ती बाई सुप्रीम कोर्टात गेली. १९९९ साली कोर्टाने सांगितलं की वडील मरायची वाट बघायची गरज नाही, वडील हजर नसतील, लक्ष देत नसतील तर आईच नैसर्गिक पालक. निकालाला पंचवीस वर्षं उलटून गेली. कायद्यातली ती ओळ मात्र जशीच्या तशी आहे आणि काउंटरवरचा माणूस ओळ वाचतो, निकाल वाचत नाही. बँकांना आईला पालक धरून खातं उघडू द्या असं रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच सांगून ठेवलंय म्हणे, ते सर्क्युलर कुठल्या कपाटात असतं देव जाणे.

आणि करायचं म्हटलं की होतं, हे काही अशक्य काम नाहीये. २०१६ च्या डिसेंबरमध्ये पासपोर्टचे नियम बदलले, आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. २०१८ च्या डिसेंबरपासून पॅनच्या फॉर्मात, आई एकटी पालक असेल तर वडिलांचं नाव सक्तीचं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली वयाने मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली, तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली आणि मग सगळे गपचूप धान्य घ्यायला लागले. कोणाचं घर मोडलं नाही.

चौथं, जातीचा दाखला. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, एससीला १० ऑगस्ट १९५०, व्हीजेएनटीला म्हणजे भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, या तारखा मला माझ्या वाढदिवसासारख्या पाठ आहेत कारण रोज कोणाला तरी सांगते. आणि पुरावा लागतो तो वडिलांकडचा. वडील, आजोबा, चुलते, आत्या. माझी आणि नवऱ्याची जात एकच आहे. माझ्याकडे माझ्या आजोबांचा जुना शाळेचा दाखला आहे, माझं स्वतःचं जातप्रमाणपत्र आहे, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्रसुद्धा आहे. त्यातला एकही कागद माझ्या मुलीला चालत नाही. तिला चालतो तो माझ्या सासऱ्यांचा दाखला, आणि सासरचे तो द्यायला तयार नाहीत, दाखल्यासाठी आलीस तर आधी केस करणार नाही असं लिहून दे म्हणतात. म्हणजे बघा, सरकारच्या एका नियमामुळे माझ्या लेकीचा दाखला त्यांच्या हातातलं हत्यार झालाय.

ही माझ्या एकटीची गोष्ट असती तर मी गप्प बसले असते. पण माझ्या काउंटरवर अशा बाया सारख्या येतात, कोणी माहेरी आलेली, कोणी ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याने तिकडेच दुसरं घर केलेलं, कोणी मुंबईला गेलेल्याची वाट बघणारी. आंतरजातीय लग्नातल्या मुलांबाबत सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय की मुलाला बापाचीच जात लागणार असं गृहीत धरता येतं पण ते अंतिम नाही, मूल आईकडे, आईच्या समाजात वाढलं असेल तर तसा पुरावा देता येतो. इथं तर जात एकच आहे आणि तरी आईचा कागद कागद नाही.

पाचवं, लाडकी बहीण. या योजनेचे दीड हजार महिन्याला येतात, त्याला मी नावं ठेवणार नाही, आमच्याकडे कित्येक घरांत त्यावर गॅस भरला जातो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये जी ई-केवायसी आली ती आठवा. आधी बाईचा आधार, बाईचा ओटीपी. ठीक. मग पुढच्या स्क्रीनवर पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर, आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. बहीण लाडकी, पण ओटीपी दाजींचा! त्या दिवसांत माझ्या सेंटरवर जी रडारड झाली ती मी कधी विसरणार नाही. बाप वारलेला, नवरा सोडून गेलेला, तिने कोणाचा ओटीपी आणायचा? ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलीत, नवरा-वडील हयात नसलेल्यांसाठी आणि घटस्फोटितांसाठी वेगळी सोय केलीत, मृत्यूचा दाखला नाहीतर घटस्फोटाचा कागद द्या म्हणून. पण जिच्याकडे दोन्ही कागद नाहीत ती? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' शब्द तुम्हीच लिहिलाय ताई. घराचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत आहे का ते बघायचं होतं हे मला मान्य, मग उत्पन्नाचा दाखला आहे, रेशनकार्ड आहे, ते बघा. पुढच्या वेळी अशी स्क्रीन बनवण्याआधी एकदा आमच्यासारख्या सेंटरवर येऊन बसा, चहा माझ्याकडून.

सहावं. त्या निर्णयात एक ओळ अशी आहे जिच्याबद्दल कोणी बोललंच नाही. विवाहित बाईचं नाव आत्तासारखंच राहणार, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा ठेवलीय, ते चांगलं केलंत. पण बाकीच्या कागदांचं काय? म्हणजे १ मे २०२४ नंतर जन्मलेली मुलगी आईचं नाव घेऊन शाळेत जाणार, कॉलेजला जाणार, आणि लग्न झालं की तिच्या नावातून तिची आई निघून जाणार. मुलाच्या नावात राहणार, मुलीच्या नावातून जाणार. हे कोणाच्या लक्षात आलं नाही की लक्षात येऊन सोडून दिलं?

आमच्या नाशिकला पांडवलेणी आहेत, शाळेच्या सहलीला सगळ्यांनी बघितलीत. तिथं तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा सातवाहन राजा सातकर्णी, तो स्वतःला गौतमीपुत्र म्हणवतो, नाण्यांवरसुद्धा तेच, त्याच्यानंतरचा पुळुमावी वासिष्ठीपुत्र. दुसऱ्या शतकातली गोष्ट. आता तेव्हा बायांचं राज्य होतं असलं काही मी म्हणत नाहीये, उगाच व्हॉट्सॲपवर फिरतं तसं. पण तो लेख मला आवडतो तो नावापेक्षा दुसऱ्याच कारणाने. ते लेणं भिक्खूंना दान दिलंय ते बलश्रीने, आणि दान देणारी म्हणून लेखात नाव तिचं आहे. नुसती कोणाची तरी आई म्हणून ती तिथं नाहीये, व्यवहार तिचा आहे. मला जे पाहिजे ते एवढंच आहे बघा.

सातवं, आईच्या कामाची नोंद. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये आलंय की घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. म्हणजे सरकारला मिनिटामिनिटाचा हिशोब माहितीये. तरी जनगणनेत घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' मध्येच मोजली जाते. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेच यावर झाडलं होतं, २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या कोट्यवधी बायांना भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीत बसवलं म्हणून.

आणि आईच्या कामाला पैशात किंमत या देशात कुठे लावली जाते माहितीये? अपघाताच्या कोर्टात. बाई मेल्यावर. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जे परिशिष्ट जोडलं त्यात न कमावणाऱ्या बायकोचं उत्पन्न म्हणजे कमावत्या नवऱ्याच्या एक तृतीयांश असं धरलं होतं. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीचं काम महिन्याला ३००० रुपयांचं धरलं. २०२१ मध्ये परत सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न धरायचंच. म्हणजे जिवंत असताना उत्पन्नाच्या दाखल्यावर आम्ही 'निरंक' आणि ट्रकखाली गेलो की एकदम कमावत्या. मी रोज हे 'निरंक' टाइप करते बायांच्या नावापुढे. पगार द्या असं मी म्हणत नाहीये, तो वाद मोठा आहे आणि त्यात माझंच मत अजून पक्कं नाही. पण २०२७ ची जनगणना येतेय, तिच्यात घर आणि लेकरं सांभाळणं हे काम म्हणून वेगळं मोजा असा ठराव महाराष्ट्राने करून दिल्लीला पाठवायला काय हरकत आहे?

आठवं, सत्कार. यावर थोडक्यात बोलते कारण राग येतो. दर मार्चमध्ये, मे महिन्यात, आदर्श माता पुरस्कार निघतात. शाल, नारळ, ट्रॉफी. आमच्या भागातल्या एका कार्यक्रमात एका आजींना स्टेजवर बोलावलं ते 'अमुक साहेबांच्या मातोश्री' म्हणून, आणि शेवटपर्यंत त्यांचं स्वतःचं नाव माइकवरून कोणी घेतलंच नाही. आईचा सत्कार, आणि आईचं नाव नाही! आणि आदर्श माता कोण ठरते, तर जिची मुलं कलेक्टर, डॉक्टर, अधिकारी झाली ती. जिचा मुलगा रिक्षा चालवतो तिने काय कमी केलंय. जिचं मूल दिव्यांग आहे आणि जी त्याला चाळिशीतही भरवते, तिला कोणी स्टेजवर नेत नाही. हिरकणीचंही तसंच. तान्ह्या बाळासाठी रात्रीची रायगडाचा कडा उतरून गेली अशी आख्यायिका आपण लेकरांना सांगतो, तिच्या नावाने बाळाला पाजायला हिरकणी कक्ष काढलेत, कल्पना फार चांगली आहे. मी धाकट्याला घेऊन जिथं गेले होते तिथल्या कक्षाला कुलूप होतं आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. आत झाडू आणि जुन्या खुर्च्या होत्या, खिडकीतून दिसलं.

बस झालं. आता मागण्या. यात एकही अशी नाही जिला खजिना रिकामा करावा लागेल.

१) १ मे २०२४ आधी जन्मलेल्यांना, म्हाताऱ्यांपर्यंत कोणालाही, आईचं नाव नावात घ्यायचं असेल तर राजपत्राशिवाय, साध्या अर्जावर आणि जन्मदाखल्यावर किंवा शाळेच्या दाखल्यावर करून द्या. ज्याला नको त्याला नको.

२) चार शब्दांचं नाव तीन डब्यांत कसं भरायचं याची एक लेखी सूचना काढा, राज्याच्या सगळ्या पोर्टलवर 'आईचे नाव' हा नावातलाच वेगळा डबा करा आणि आधार, पॅनसाठी केंद्राशी काय पत्रव्यवहार झालाय तो जाहीर करा.

३) शाळा, दवाखाना, दाखले, राज्य सरकारच्या सगळ्या फॉर्मांवर पालक म्हणून आईची एकटीची सही पूर्ण धरावी असा शासन निर्णय काढा, आणि त्याची प्रत काउंटरच्या मागे नको, पुढे, लोकांना दिसेल अशी लावायला सांगा. राज्यस्तरीय बँकर्स समितीत हाच विषय घ्या. १९५६ च्या कायद्यातली ती ओळ बदलायची शिफारस केंद्राला करा, विधिमंडळात ठराव झाला तर अजून बरं.

४) मूल आईकडे वाढत असेल आणि वडिलांकडचे कागद मिळत नसतील तर आईकडचा पुरावा, आईचं व्हॅलिडिटी प्रमाणपत्र जातीच्या दाखल्याला चालावं. गैरफायदा घेतील म्हणाल तर चौकशी ठेवा, चौकशीला आम्ही घाबरत नाही.

५) परित्यक्ता बाईसाठी एकच ओळखपत्र किंवा दाखला असू द्या, ग्रामसेवक, तलाठी आणि अंगणवाडी सेविका यांच्या पंचनाम्यावर मिळणारा, आणि तो सगळ्या योजनांना चालू दे. प्रत्येक योजनेला आम्ही नव्याने सिद्ध करायचं का की आम्हाला टाकलंय?

६) लग्न झालेल्या बाईलाही स्वतःच्या आईचं नाव नावात ठेवायची मुभा द्या, मालमत्तेच्याच नाही, सगळ्या कागदांवर.

७) जनगणनेबद्दलचा ठराव वर लिहिलाच आहे. आणि हिरकणी कक्षांची यादी जिल्ह्याप्रमाणे जाहीर करा, उघडे किती, बंद किती, त्यासह.

पुरस्काराबद्दल मी काही मागत नाही. फक्त सरकारी कार्यक्रमात आईला बोलवाल तेव्हा माइकवरून तिचं पूर्ण नाव घ्या एवढं निवेदकाला सांगून ठेवा.

माझं नाव, पत्ता, फोन पोस्टाने पाठवलेल्या प्रतीवर आहे, इथं लेकरांमुळे टाकत नाहीये. ज्यांना हे पटलं त्या बायांनी आपापल्या तालुक्यातून असंच पत्र पाठवा, माझंच कॉपी केलं तरी चालेल, फक्त सहाव्या मुद्द्याच्या जागी तुमचा जो मुद्दा असेल तो घाला. आणि साहेब, ताई, उत्तर पाठवाल तेव्हा पाकिटावर नुसतं माझं नाव आणि गाव लिहा, खाली कोणाची पत्नी ते लिहायची गरज नाही, आमचा पोस्टमन मला ओळखतो.

आपली,
दोन लेकरांची आई, सेतूवाली ताई
ता. सिन्नर, जि. नाशिक